वाचकांचे प्रश्न : कंट्रोलर मागवण्याआधी एक तास द्या

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे. बॅटरीवरची गोल्फ कार्ट अडते, कुणीतरी येऊन 'कंट्रोलर गेला' असं सांगतो आणि मालक पैशांची जुळवाजुळव सुरू करतो. कंट्रोलर म्हणजे मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा डबा. बावीस वर्षं या गाड्यांच्या सीटखाली डोकं घालून काम केल्यावर मला ठामपणे सांगता येतं की कंट्रोलर जातो, पण त्याच्याआधी बाकीच्या बऱ्याच गोष्टी गेलेल्या असतात. म्हणून आजचं पान वायरिंगला.

प्रश्न : ताई, आमची गाडी ४८ व्होल्टची आहे, ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. सपाटीवर नीट चालते, चढ लागला की दम टाकते. दोनच महिन्यांपूर्वी सगळ्या बॅटऱ्या बदलल्या, वायरी जुन्याच ठेवल्या. उभ्या गाडीत मीटर ५०.८ व्होल्ट दाखवतो. मेकॅनिक कंट्रोलर बदला म्हणतोय. बदलू का?

थांबा, इतक्यात मागवू नका. ५०.८ म्हणजे तुमचा पॅक, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या मिळून, पूर्ण चार्ज आहे, एवढंच त्या आकड्यावरून कळतं. उभ्या गाडीत वायरींमधून नावापुरताही प्रवाह जात नाही, आणि प्रवाह नसेल तर आतून कुजलेली वायरसुद्धा पुरं व्होल्टेज पुढे पोचवते. खरं काय ते ओझं पडल्यावरच कळतं.

हिशेब करून बघा. चढावर अशी गाडी २०० अँपिअर सहज ओढते. एखाद्या जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध असला, तर तिथे २ व्होल्ट खर्च होतात आणि ४०० वॅट उष्णता तयार होते, तीही अंगठ्याएवढ्या जागेत. असे दोन-तीन जोड असले की मोटरपर्यंत पोचायला उरतंच काय? आणि हा रोध साध्या मल्टीमीटरच्या ओहमवर पकडता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त भरतो. वायर जोडलेली आहे एवढंच सांगणाऱ्या कंटिन्युइटीच्या बीपवर तर मुळीच विसंबू नका. वायरमधल्या शंभर तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप वाजतोच.

मग मोजायचं कसं? मीटर डीसी व्होल्टवर, लहान रेंजला ठेवा. दोन्ही टोकांना मगरचिमटे लावा. एक चिमटा पहिल्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरा तिला जोडलेल्या पुढच्या बॅटरीच्या खुंटावर. खुंटावरच लावा, थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नको, नाहीतर थिंबल आणि खुंट यांच्यामधला जोड मोजणीतून सुटतो. मीटरच्या वायरी कुठे घासणार नाहीत अशा बाहेर काढा, सीट बसवा, मीटर घेऊन शेजारी बसा आणि दुसऱ्याला गाडी चढावर घ्यायला सांगा. मागची चाकं उचलून हे करू नका, चाकं हवेत असली की मोटरवर ओझंच नसतं. बॅटरी ते बॅटरी जाणाऱ्या आखूड वायरीवर चढावरही ०.१ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. मोटरकडे जाणाऱ्या लांब वायरींवर थोडा जास्त येणारच, तिथे सारख्या लांबीच्या वायरींची आपापसांत तुलना करा. बॅटऱ्यांमधले चार जोड ०.०७ दाखवतायत आणि पाचवा ०.६, तर चोर सापडला.

त्याच फेरीत एकेक बॅटरीही चढावर मोजून घ्या, फक्त त्याआधी मीटरची रेंज वाढवा. पाच बॅटऱ्या ७.५ च्या आसपास टिकल्या आणि एक ६ च्या खाली गेली, तर ती नवी असली तरी खराब आहे. नवीपणा ही हमी नव्हे.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: 'बॅटऱ्या बदलल्या, वायरी जुन्याच ठेवल्या.' मला वाटतं दोष तिथेच मिळेल. मी शिकाऊ होते तेव्हा अशाच एका गाडीचा कंट्रोलर मी बदलायला लावला. गाडी पुन्हा तशीच. मग उस्तादांनी काही न बोलता प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहिलं. चौथ्या बॅटरीच्या निगेटिव्हवर बोट टेकवलं आणि लगेच उचललं. थिंबलच्या मानेजवळ काळ्या इन्सुलेशनवर तपकिरी झाक आली होती, बाकी वायर नवीकोरी दिसत होती. त्यांनी ब्लेडने इन्सुलेशन उभं चिरलं. आत वीतभर लांबीपर्यंत हिरवट भुकटी, आणि तांब्याच्या तारा वाळल्या गवतासारख्या बोटांत मोडत होत्या. ॲसिड थिंबलमधून आत शिरून वायरभर चढलं होतं. त्या माणसाचे पैसे माझ्या घाईमुळे गेले, हे मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी एकही भाग बदललेला नाही.

अशी वायर सापडली तर टोक कापून लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे जा. आखूड पडली तर सरळ नवी घाला, आणि एक नव्हे, पूर्ण संच. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा ६ गेजची वायर असते. ४ किंवा २ गेज घ्या, आकडा जितका लहान तितकी वायर जाड. चौरस मिलिमीटरमध्ये २५ किंवा ३५ ची मागा. थिंबल कलई केलेलं तांब्याचं हवं आणि ते क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबलेलं हवं, हातोडीने चेपलेलं नको. नुसत्या सोल्डरवरही ठेवू नका, जोड तापला की सोल्डर मऊ पडतं. बसवताना क्रम लक्षात ठेवा : आधी शिशाचा माथा, त्यावर थेट थिंबल, मग वॉशर, मग नट. वॉशर थिंबलच्या खाली गेला तर सगळा प्रवाह त्या स्टीलमधून जायला लागतो. ही चूक मी इतक्या गाड्यांत पाहिलीय की आता सीट उचलली की आधी तेच बघते.

आणि हात घालण्याआधी : अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. गाडीला 'टो' (ओढून नेण्यासाठी) आणि 'रन' (चालवण्यासाठी) असा स्विच असेल तर तो टो वर करा. मुख्य निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. दोन खुंटांवर आडवा पडलेला पाना क्षणात लाल होताना मी डोळ्यांनी पाहिलाय. चार्जिंग नुकतंच संपलं असेल तर सीट उचलून हवा खेळू द्या. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीवर भडकतो.

प्रश्न : पेडल दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो, पण गाडी जागची हलत नाही. वर्षभरात दोन सोलेनॉइड बदलले. तिसराही गेला असेल का?

गेला असेल, पण तो का जातोय हे शोधल्याशिवाय चौथा घालू नका.

सोलेनॉइड म्हणजे पेडल दाबल्यावर बॅटरीची वीज कंट्रोलरला जोडणारा मोठा स्विच. आधी तपासणी. मागची चाकं जॅकवर उचला, पुढच्या चाकांना अडसर लावा. मीटर २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवून सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांवर लावा आणि पेडल दाबायला सांगा. 'टक्' झाल्यावर आकडा जवळजवळ शून्य यायला हवा, कारण आतले संपर्क आता जुळलेत. व्होल्टेज तसंच दाखवत राहिला तर संपर्क जळलेत. शून्य आला आणि तरी गाडी हलत नसेल, तर सोलेनॉइड निर्दोष आहे, पुढे जा : पेडलचा थ्रॉटल सेन्सर, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच, मोटरच्या वायरी, आणि सगळ्यात शेवटी कंट्रोलर. 'टक्'च येत नसेल तर दोन बारीक टर्मिनलांवर मोजा. पेडल दाबल्यावर तिथे व्होल्टेज येतोय पण आवाज नाही, तर कॉइल तुटली. व्होल्टेजच येत नाही, तर किल्ली, पेडलजवळचा मायक्रोस्विच आणि टो-रन स्विच तपासा.

आता तुमचं खरं दुखणं. दोन जाड टर्मिनलांच्या मध्ये एक छोटा रेझिस्टर जोडलेला असतो. त्यातून कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आधीच हळूहळू भरून राहतात. तो तुटला किंवा नवा सोलेनॉइड घालताना लावायचा राहिला, तर दर वेळी संपर्क जुळताना रिकामे कपॅसिटर एकदम प्रवाह खेचतात, ठिणगी पडते आणि संपर्क थोडे थोडे जळत जातात. ओळखायचं असं : गाडी रनवर ठेवून, पेडल न दाबता, पॅकच्या निगेटिव्हपासून कंट्रोलरकडच्या जाड टर्मिनलवर मोजा. पॅकपेक्षा जरासा कमी व्होल्टेज आला तर रेझिस्टर ठीक. शून्य आला तर तुमच्या दोन सोलेनॉइडांचा मारेकरी तोच. बारीक टर्मिनलांवरचा डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासा, आणि बदलताना त्याची पट्टी कुठल्या बाजूला होती याचा आधी फोटो काढा. उलटा लागला तर तो सरळ शॉर्ट होतो.

प्रश्न : गाडी चार महिने उभी होती. आता चार्जर लावला तर तो सुरूच होत नाही. चार्जर खराब झाला का?

बहुधा नाही. बरेच जुने चार्जर आधी पॅकचा व्होल्टेज बघतात, तो फार खाली गेला असेल तर रिले (चार्जिंग सुरू करणारा आतला स्विच) ओढतच नाहीत. पॅक मोजा. व्होल्टेज खूपच खाली असेल तर प्रत्येक बॅटरीला तिच्या व्होल्टेजचा छोटा चार्जर लावून थोडी वर आणा, मग मुख्य चार्जर धरेल. त्याआधी झाकणं उघडून प्लेटा पाण्यात आहेत ना ते बघा. उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, उरलेलं चार्ज झाल्यावर. पॅकचा व्होल्टेज चांगला असूनही चार्जर मुका असेल, तर सॉकेटचे संपर्क आणि त्यामागचा फ्यूज बघा.

प्रश्न : मुलाने दोन बॅटऱ्यांवरून १२ व्होल्ट काढून दिवे आणि हॉर्न लावलाय, ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांपैकी. निगेटिव्ह बॉडीला दिलाय, मोटारीत असतो तसा. चालतंय, पण त्या दोन बॅटऱ्या लवकर उतरतात.

उतरणारच. सिरीजमध्ये सगळ्यांना एकच चार्जिंग मिळतं आणि खर्च मात्र त्या दोघींचा जास्त. त्या कायम अर्धपोटी राहतात, आणि त्या थकल्या की साऱ्या पॅकला मागे ओढतात. पूर्ण ३६ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवा, म्हणजे भार सहाही बॅटऱ्यांवर सारखा पडेल. त्याच्या आधी, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच.

बॉडीचा निगेटिव्ह मात्र आजच काढा. या गाड्यांची चौकट बहुतेक वेळा पॅकपासून अलग ठेवलेली असते. ती निगेटिव्ह झाली की उद्या कुठल्याही पॉझिटिव्ह वायरचं इन्सुलेशन घासून ती चौकटीला टेकली तर सरळ शॉर्ट, आणि ते सीटखाली, बसणाऱ्याच्या अंगाखाली. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र निगेटिव्ह वायर ओढून कन्व्हर्टरपर्यंत आणायला सांगा. मुलाने एवढं काम हौसेने केलंय, तर हेही तो करेल. काम झाल्यावर मुख्य निगेटिव्हपासून चौकटीपर्यंत व्होल्टेज मोजून बघा, मग पॉझिटिव्हपासूनही बघा. काही व्होल्ट ठामपणे टिकून राहत असतील तर वायर कुठेतरी अजून टेकलेली आहे, ती सापडेपर्यंत गाडी चार्जिंगला लावू नका.