ज्युनियर विजेता, पण पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा सोळाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय ज्युनियर टेनिस स्पर्धा जिंकला. आता तो अठरा वर्षांचा आहे. पुरुषांच्या सात स्पर्धा खेळला, त्यातल्या पाचांत पहिल्याच फेरीत हरला. शाळा संपून आठ महिने झाले, शिक्षण थांबलंय. अजून किती वाट पाहायची? – एक पालक

उत्तर : नमस्कार. पाच पराभवांवरून मी काहीच ठरवणार नाही. पुरुषांच्या एम-१५ स्पर्धा म्हणजे व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी. तिथे विजेत्याला रँकिंगचे १५ पॉइंट मिळतात, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. ज्युनियरमध्ये चेंडू चिकाटीने परतवत राहिलं की समोरचा चुकायचा. इथे पंचविशीतला माणूस तुमच्या मुलाच्या दुसऱ्या सर्व्हिसवर (पहिली चुकली की करायची, सहसा हळू सर्व्हिस) तुटून पडतो. ही सर्व्हिस बदलायला महिने लागतात, आणि तेवढ्या काळात आणखी पराभव होणारच.

फेडरर १९९८ साली विम्बल्डनचा ज्युनियर विजेता झाला, पुरुषांचं विजेतेपद आलं २००३ मध्ये. डोनाल्ड यंग २००५ चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर विजेता, पण एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ३८ च्या वर गेला नाही. (जगात अडतिसावा असणाऱ्याला वाया गेलेला म्हणणारे लोक कोण असतात, हे मला कधी कळलं नाही.) युकी भांबरीनं २००९ मध्ये तेच ज्युनियर विजेतेपद मिळवलं. दुखापतींशी झगडत २०१८ मध्ये तो ८३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि पुढे दुहेरीकडे वळला. मुलाची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारणं) चांगली असेल तर दुहेरीचा विचार आत्तापासून करा.

मला खरी घाई वाटते ती शिक्षणाची. अमेरिकन विद्यापीठांत टेनिसच्या शिष्यवृत्तीवर शिकता येतं. जॉन इस्नर जॉर्जिया विद्यापीठात चार वर्षं खेळून मग व्यावसायिक झाला. बेन शेल्टनही फ्लोरिडा विद्यापीठातून आला. मात्र शाळा संपून किती काळ गेला, बक्षिसाची किती रक्कम घेतली, यावर तिथली पात्रता अवलंबून असू शकते आणि हे नियम बदलत राहतात. म्हणून आणखी एक स्पर्धा खेळण्याआधी दोन-तीन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना ईमेल करून सध्याचे नियम विचारा. बक्षिसांचा हिशेब आणि सामन्यांचे व्हिडिओ सोबत जोडा.

तुमच्या पत्रात मुलाला काय हवंय, याबद्दल एक ओळही नाही. सातही स्पर्धांत दुसऱ्या सर्व्हिसवर त्यानं किती पॉइंट जिंकले, ते त्यालाच मोजायला सांगा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.