एका दिवसात मेळघाट: चिखलदरा सोडा, सेमाडोह धरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात लग्नासाठी अमरावतीला येताय, एकच दिवस मोकळा आहे, सोबत सत्तरीचे आईवडील आणि आठ वर्षांचा मुलगा. गाइड घेऊन मेळघाटात प्राणी बघायचे आणि तिथलंच जेवायचं. जमतं. पण सेमाडोह, कोलकास, चिखलदरा, गाविलगड सगळं एका दिवसात कोंबलंत तर घाटातली वळणं तेवढी बघून परत याल. चिखलदरा पुढच्या वेळी, आता जंगलातलं सेमाडोह गाव.

आधी वाघाचं बोलून घेऊ. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता आणि वाघ आजही आहेत. पण इथे ताडोब्यासारखी तळी नि मोकळी कुरणं नाहीत. सातपुड्याचे चढउतार, सागाचं रान, खोल नाले, आणि डिसेंबरात गवतही उभंच असतं. वीस पावलांवर बसलेला वाघ दिसत नाही. वाघच हवा असेल तर ताडोबा गाठा. रानगवा, सांबर, भेकर, नशिबात असलं तर अस्वल किंवा रानकुत्री, आणि रानपिंगळा हे दुर्मिळ छोटं घुबड, एवढ्यासाठी मेळघाट.

मुक्काम आदल्या रात्री परतवाड्याला करा. अमरावतीहून सकाळच्या सफारीला निघायचं तर रात्री तीनला उठावं लागेल, आणि म्हातारी माणसं नऊ वाजताच थकतील. परतवाडा ते सेमाडोह पन्नासेक किलोमीटर, पण घाट असल्याने दीड तास धरा. धुकं असलं तर जास्त. धुक्यात दिवे खालीच ठेवा, वर केले की पांढरी भिंतच दिसते. उतारावर दुसरा गियर. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला ते धरत नाहीत. पेट्रोल परतवाड्यातच भरा. पुढे मोबाइलची रेंज जागोजागी जाते, म्हणून पाचशेची एकच नोट न ठेवता सुटे पैसे घ्या. मुलाला गाडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या आणि वाटेत दूध पाजू नका.

सफारीचं बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलंत तेच मूळ ओळखपत्र सर्वांचं सोबत हवं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्हा चार जणांना एक गाडी पुरते. आईवडिलांना मागच्या बाकावर बसवू नका. तो चाकांच्या वर येतो, प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो. मधला बाक त्यांचा. उघड्या गाडीत पहाटेचा वारा फार झोंबतो. कानटोपी, मफलर आणि दोघांत एक जाड चादर न्याच. ऊन आलं की तीच चादर बुडाखाली घालता येते.

गाइड सोबत घ्यावाच लागतो आणि तो बहुधा तिथल्याच गावचा कोरकू आदिवासी तरुण असतो. त्याला ‘वाघ दिसेल का?’ विचारू नका. ‘काल कुठल्या नाल्याला कॉल झाले?’ असं विचारा, तो खुलतो. कॉल म्हणजे शिकारी जनावराची चाहूल लागल्यावर बाकीच्या प्राण्यांनी दिलेली धोक्याची हाक. सांबराचा ‘ढाँक’ आवाज सहसा फुकट जात नाही. वानरं आणि चितळं मात्र बिबट्यालाही ओरडतात, रानकुत्र्यालाही. आवाज आला की इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायला सांगा. बहुतेक लोक दोन मिनिटांत ‘चला’ म्हणतात, आणि तिथेच हुकतं.

रानगवा जवळून दिसण्याची शक्यता चांगली. काळा देह, गुडघ्याखाली पांढरे मोजे. तो आडवा उभा राहून पाठीचा उंचवटा दाखवू लागला, नाकातून फुस्स करू लागला, तर ते ‘मागे व्हा’ असं सांगणं आहे. हॉर्न नाही, फ्लॅश नाही, पोराला उभं करणं नाही.

रानपिंगळा १८८४ नंतर थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला; मेळघाट हा त्याचा मोठा आसरा. तो दिवसाही वावरतो, सकाळी सागाच्या शेंड्यावरच्या उघड्या फांदीवर बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर जवळपास नसतातच. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरं, शेपटी सारखी झटकतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलवायला कुणी तयार झालं तर नको म्हणा. पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.

आता जेवण. हे आयत्या वेळी मिळत नाही, कारण चूल तुमच्यासाठी पेटवायची असते. आदल्या संध्याकाळी गाइडमार्फत माणसं किती, वेळ काय, तिखट किती हे कळवा. कुटकीचा (हे एक भरडधान्य) भात, तुरीचं वरण, ज्वारीची किंवा मक्याची भाकर, मिरचीचा ठेचा सांगा. गावरान कोंबडी हवी असेल तर चुलीवर तिला दीडेक तास लागतो; फेरीहून आल्यावर सांगितलंत तर अर्धी कच्ची ताटात येईल. कुटकी बारीक असते, खडा राहतो. म्हणून चार-पाच पाण्यांनी रोळून घेतात. घरी करायला विकत घेतलीत तर एका वाटीला अडीच वाट्या पाणी, अर्धा तास भिजवणं, मंद आचेवर पंधरा मिनिटं. सारखं ढवळलं की लापशी होते, गार झाली की कोरडी पडते, म्हणून गरम असतानाच वरण ओता. मुलाचा ठेचा वेगळा, शेंगदाणे जास्त घालून करायला सांगा. मोहाच्या दारूची चौकशी करू नका, त्या बिचाऱ्यांची पंचाईत होते.

जेवून सेमाडोहचं निसर्ग निर्वचन केंद्र बघा. मुलाला आवडेल, आईवडिलांना सावली मिळेल. अडीचला परत फिरा. अंधारात गवे रस्त्यावर येतात, आणि काळं जनावर दिव्यात उशिरा दिसतं.

वाटेत खवा घ्याल. गवळ्यांच्या म्हशींचा, उत्तम. किलोभर खव्याला पाचेक लिटर दूध जातं, त्यामुळे फारच स्वस्त मिळाला तर संशय घ्या. तळहातावर चोळून बघा, तूप सुटलं पाहिजे. गरम खवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ नका, घामेजून संध्याकाळपर्यंत आंबतो. स्टीलचा डबा न्या, खवा निवू द्या, मग झाकण लावा.