विद्यार्थी कमी झाले म्हणून सरकारी चित्रकला महाविद्यालय बंद करणं योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या शहरातल्या सरकारी चित्रकला महाविद्यालयात मुलंच येत नसतील, तर सरकारनं त्यावर पैसा का खर्च करावा. मी इंदूरची, आणि सरकारी संस्थेतच चित्रकला शिकले. माझ्या मते बंद करू नये. पण आधी मुलं का कमी झाली ते शोधा.

अशी संस्था एका हुकमानं क्वचितच बंद होते. मूर्तिकलेचे सर निवृत्त होतात, जागा भरली जात नाही. काही वर्षं मानधनावर अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते शिक्षक, येतात, मग तेही नाहीत. चित्रकलेच्या मॅडम मूर्तिकलेचा वर्ग घेऊ शकत नाहीत. एचिंगचं प्रेस, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे ठसे काढणारं यंत्र, चालवणारं कोणी नसलं की ते धूळ खात पडतं. हे ऐकून पुढच्या वर्षी अर्ज घटतात, आणि मग फाइलवर शेरा येतो, ‘विद्यार्थीसंख्या अपुरी’. पगार हाच मोठा खर्च असल्यामुळे पद रिकामं ठेवलं की कागदावर बचत दिसते. तिथूनच घसरण सुरू होते.

सरकारी पैशाचं काय होतं, हे आम्हा इंदूरकरांना लांबून बघायला नको. १९२७ साली होळकर संस्थानच्या काळात द. दा. देवळालीकरांनी इथं चित्रकलेची शाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, म. फि. हुसेन, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी, हे चित्रकार सगळे त्यांच्याच हाताखाली शिकले. हुसेन यांनी पुढे मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंग रंगवली. फी परवडणाऱ्यांनाच कला शिकता आली असती, तर असा मुलगा कुठे गेला असता? बेंद्रे १९५० साली बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललित कला विभागात गेले आणि तिथं चित्रकारांची अख्खी पिढी घडवली. म्हणजे खर्च इंदूरच्या संस्थानानं केला आणि पीक गुजरातेत आलं. एका अर्थसंकल्पाच्या वर्षात हा हिशेब बसतच नाही.

प्रत्येक तुकडीतून हुसेन निघत नाही, हे मला मान्य आहे. बहुतेकजण शाळांत ड्रॉइंग शिकवतात, छपाईत, कापडाच्या डिझाइनमध्ये जातात. मला तेवढंही पुरेसं वाटतं. ज्या शहरात हे शिकवणारं कोणी नाही, तिथल्या गरीब घरच्या मुलाला हा रस्ता आहे हेच कळत नाही.

आता तुम्ही काय करू शकता. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, मध्य प्रदेशात शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मागच्या १० वर्षांतली मंजूर पदं, भरलेली पदं, साहित्यावरचा खर्च आणि प्रवेश, हे सगळं वर्षनिहाय मागा. आधी पदं घटली की प्रवेश, ते तक्ता पाहताच कळेल. तो कागद घेऊन आमदारांना भेटा आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात प्रश्न विचारायला सांगा. नुसतं ‘कला वाचवा’ म्हणून निवेदन दिलं, तर त्यावर पोच मिळते, बाकी काही नाही.

आणि बंद करण्याऐवजी ‘विलीनीकरण’ असा शब्द पुढे आला, तर मंजूर पदं नव्या संस्थेत जाणार की रद्द होणार, हे लेखी घ्या.