सुट्टीला गेलेली मुलगी परत आलीच नाही

प्रश्न : पत्नी आमच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन सहा आठवड्यांच्या सुट्टीसाठी तिच्या माहेरच्या देशात गेली. परतीच्या तिकिटाची तारीख उलटून सात महिने झाले. आता ती येणार नाही म्हणते, मुलीला तिथल्या शाळेत घातलंय. रागाच्या भरात मी मेसेजवर 'राहा मग तिथेच' असं लिहून बसलो. घटस्फोट नाही, ताब्याचा निकाल नाही. दोन्ही देशांनी बालहक्क करार मानला आहे. संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली तर मुलगी परत मिळेल का? की मीच जाऊन तिला घेऊन येऊ?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जाऊन उचलून आणू नका. आज कायद्याचा आधार तुम्हाला आहे. तसं केलंत तर उद्या अपहरणाचा आरोप तुमच्यावर येईल, आणि वर्षभरात दुसऱ्यांदा त्या मुलीचं घर, शाळा, मैत्रिणी एका रात्रीत सुटतील.

1989 चा बालहक्क करार अमेरिका सोडून संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाने मान्य केला आहे. त्याच्या कलम 11 मध्ये मुलांना बेकायदा परदेशी नेणं आणि तिथे अडकवून ठेवणं रोखायला सांगितलंय, आणि त्यासाठी देशांनी आपसात करार करावेत असंही म्हटलंय. म्हणजे तत्त्व तिथे आहे, मुलगी परत आणण्याची यंत्रणा मात्र दुसरीकडे. बालहक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार करण्याची सोय 2014 पासून आहे, पण संबंधित देशाने त्यासाठीचा वेगळा पूरक करार (प्रोटोकॉल) मानला असेल तरच, आणि साधारणपणे तिथल्या न्यायालयांचे मार्ग संपल्यावर. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.

तुमचा रस्ता 1980 च्या हेग करारातून जातो; बेकायदा परदेशी नेलेल्या किंवा अडकवून ठेवलेल्या मुलांना परत आणण्यासाठीच तो आहे. दोन्ही देश त्यात आहेत का, एवढ्यावर थांबू नका. नंतर सामील झालेल्या देशाचं सदस्यत्व दुसऱ्या देशाने स्वीकारलेलं असावं लागतं, नाहीतर त्या दोघांमध्ये करार लागूच होत नाही. ही खातरजमा तुमच्या देशातल्या सेंट्रल अथॉरिटीकडे, म्हणजे या कराराचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे करा. अर्जही तिथेच द्यायचा. ताब्याचा निकाल हातात नसला तरी घाबरू नका. मुलगी जिथे नेहमी राहत होती तिथल्या कायद्याने आईवडील दोघांना ताब्याचा हक्क असेल आणि तुम्ही तो प्रत्यक्षात बजावत असाल, तर तेवढं पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलीला अडकवून ठेवल्यापासून वर्षाच्या आत कार्यवाही सुरू झाली, तर ती परत पाठवण्याचा आदेश हा नियम आहे. वर्ष उलटलं की 'मुलगी इथे रुळली' हा बचाव उभा राहतो. हे वर्ष मुलगी आहे त्या देशातल्या न्यायालयात किंवा सक्षम प्राधिकरणासमोर प्रकरण दाखल होईपर्यंत मोजतात. सेंट्रल अथॉरिटीला अर्ज पोचला म्हणून निर्धास्त होऊन बसलेल्या पालकांचा इथेच घात होतो. तुमच्या हातात पाच महिने आहेत; तिथला वकील या आठवड्यात नेमा.

त्या मेसेजबद्दल : तो पुसू नका, वकिलाला दाखवा. पत्नीची बाजू म्हणेल की तुम्ही मूक संमती दिली. रागातल्या एका वाक्यावरून न्यायालयं सहसा तसं मानत नाहीत, पण पुढचे सात महिने तुम्ही काय केलंत ते नक्की पाहतात. म्हणून 'मुलीला परत आणावं, माझी संमती नाही' असं आजच शांत शब्दांत लेखी कळवा.

परत पाठवल्याने मुलीला गंभीर धोका आहे, असंही पत्नी सांगू शकते. घरात मारहाण, धमक्या असं काही घडलं असेल तर वकिलापासून लपवू नका. तो बचाव मुलांच्या रक्षणासाठीच ठेवला आहे. मुलगी काय म्हणते तेही, तिची समज पाहून, न्यायालय विचारात घेऊ शकतं. आणि परतीचा आदेश म्हणजे ताबा तुम्हाला मिळाला असं नव्हे. ताब्याचा निर्णय त्यानंतर, ती राहत होती तिथलं न्यायालय करेल.

फौजदारी तक्रारीची घाई करू नका. अटकेच्या भीतीने आई परतायलाच नकार देते आणि 'आईशिवाय मूल कसं पाठवायचं' हा मुद्दा तयार होतो. त्यापेक्षा तिच्या राहण्याची, खर्चाची लेखी हमी देण्याची तयारी ठेवा. मध्यस्थीला बसा, पण त्यासाठी अर्ज थांबवू नका.

राजकीय दबावाचा मोह होईल. 2004 मध्ये अमेरिकेतून ब्राझीलला नेलेला चार वर्षांचा मुलगा परत आला तो 2009 च्या डिसेंबरात, नऊ वर्षांचा होऊन. शेवटी एका अमेरिकी सिनेटरने ब्राझीलच्या व्यापारसवलतींचं विधेयक अडवलं होतं. दोन्ही देश हेग करारात असताना हे व्हावं, याची मला आजही चीड येते. मुलाचा हक्क व्यापारातल्या सवलतीच्या बदल्यात मिळण्याची गोष्ट नाही, आणि सामान्य बापाच्या पाठीशी सिनेटर उभा राहतोच असंही नाही.

परतीचं तिकीट, शाळेचा दाखला, डॉक्टरांच्या नोंदी, भाडेकरार एकत्र करा. मुलगी कुठे राहत होती हे त्यावरूनच सिद्ध होईल. मुलीशी व्हिडिओवर बोलणं सुरू ठेवा. तिला खटल्याबद्दल, आईबद्दल काही विचारू नका. आज शाळेत काय झालं, तेवढंच विचारा.