बडबड्या रोबो सोबत्याचं बोलणं कसं बसवावं

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूसोबत फिरणारा रोबो बडबड्या हवा म्हणून लगेच शंभर वाक्यं लिहायला बसू नका. आधी त्याला गप्प करायची सोय करा. फुटकळ गप्पांमध्ये किमान २० ते ३० सेकंदांचं अंतर ठेवा आणि प्राधान्यक्रम ठरवा: धोक्याची सूचना सर्वांत वर, मग कथेतला संवाद, गप्पा तळाला. लढाई सुरू होताच गप्पा तोडा, आणि तुटलेल्या गप्पा नंतर पहिल्यापासून वाजवू नका. 'पोर्टल २' (२०११) या कोड्यांच्या गेममधला रोबो व्हीटली भरपूर बोलतो, पण तिथे कोडी निवांत सोडवायची असतात. धुमश्चक्रीच्या गेममध्ये तेवढं बोलणं कानाला जड होतं.

'गोळ्या संपल्या' हा प्रसंग वारंवार येतो, म्हणून त्याला ८-१० पर्याय हवेत. दार उघडण्याला ३ पुरे. निवड निव्वळ रँडम ठेवली तर तेच वाक्य लागोपाठ येऊ शकतं. त्यापेक्षा यादी पत्त्यांसारखी पिसा, सगळी वाक्यं संपल्यावरच पुन्हा पिसा. फक्त नव्या फेरीचं पहिलं वाक्य मागच्या फेरीचं शेवटचंच नाही ना, हे तपासा. हे नेमकं राहून जातं.

कोड्याचा इशारा खेळाडू साधारण ९० सेकंद अडकल्यावरच द्या. आधी दिलात तर सुचण्याचा आनंदच जातो. रोबोच्या आवाजाला सेटिंगमध्ये वेगळा स्लायडर आणि सबटायटल हवेतच.