काहीही करून टिकायचंच का?

प्रश्न: मित्राशी वाद झालाय. तो म्हणतो माणूसजात काहीही करून टिकली पाहिजे, पुढच्या सगळ्या पिढ्या गुलामीत गेल्या तरी चालेल. मला पटत नाही, पण ‘त्यापेक्षा संपलेलं बरं’ म्हटलं की मीच राक्षस ठरतो. बरोबर कोण?

उत्तर: मित्राच्या वाक्यातलं ‘काहीही करून’ एवढं काढा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ साली विचारलं होतं की शांतता, ९९ टक्के माणसं मारणारं अणुयुद्ध आणि १०० टक्के मारणारं अणुयुद्ध, यात मोठा फरक कुठला? आपण पटकन म्हणतो पहिल्या दोन्हींतला. तो म्हणाला, शेवटच्या दोन्हींतला, आणि तोही कितीतरी पटीने, कारण उरलेल्या एक टक्क्यातून सगळं परत उभं राहू शकतं आणि पृथ्वी अजून निदान १०० कोटी वर्षं राहण्यालायक असणार आहे. मला हे पटतं, फक्त त्यात पुढचं जगणं जगण्यालायक असेल हे धरून चाललंय, आणि तुमचा वाद नेमका त्यावरच आहे.

आता देवीचा रोग घ्या. अठराव्या शतकात पोरं पटापट मरताना बघून कोणी म्हणालं असतं की बास झालं हे जगणं, तर त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. पण माणसं टिकली म्हणून लस निघाली, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे नुसतं दुःख आहे म्हणून संपण्याच्या बाजूने मी जाणार नाही, ते दुरुस्त करणारं कोणीतरी शिल्लक असलं की झालं.

गोची होते ती दुरुस्तीच बंद झाली तर. आजवरचे हुकूमशहा निदान मरायचे तरी, स्टॅलिन १९५३ मध्ये गेला आणि काही वर्षांत लाखो कैदी छावण्यांतून सुटले. पण पहारा यंत्रांचा असेल, ती ना थकणार ना फितूर होणार, आणि बंड डोक्यात यायच्या आतच पकडलं जाणार असेल, तर तसली हजारो वर्षं कशाला हवीत? इथे मी तुमच्या बाजूने.

दक्षिण आफ्रिकेतला तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटर, त्याच्यासारखे लोक याच्याही पुढे जातात, त्यांच्या मते टाचणी टोचण्याएवढं दुःख असलेलं आयुष्यसुद्धा सुरू न झालेलंच बरं. (तो माणसं मारा असं म्हणत नाही हां, जन्माला घालू नका म्हणतो.) मला हा हिशोबच विचित्र वाटतो, एका टाचणीपायी बाकीचं सगळं आयुष्य शून्यात कसं काढायचं?

आणि राक्षस वगैरे काही नाही हो. एक कल्पनेतलं जग नसलेलं बरं म्हणणं वेगळं आणि जिवंत माणसांचा फैसला करणं वेगळं, तो हक्क कोणालाच नाही. मित्राला एवढंच विचारा, तुझ्या त्या गुलामीतून कधीतरी कोणी सुटू शकतं का? हो म्हणाला तर तो बरोबर आहे, तसं सांगून टाका.