साठीनंतर चिनी वाद्य शिकताय? आधी गुझंग घ्या

अहो ताई, नवीनच सुरू करताय ना, मग लगेच अर्हूच्या, म्हणजे गजाने वाजवायच्या चिनी वाद्याच्या, मागे लागू नका. मी सिंगापूरला लेकीकडे आल्यावर नेमकं तेच केलं. तारा दोनच, पण बोट ठेवायला पट्टीच नाही आणि गज त्या दोन तारांच्या मधे अडकलेला, सहा महिने नुसती दाराची करकर, जावई हेडफोन लावून बसायचे! गुझंग म्हणजे आडवं ठेवून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य, त्याच्या 21 तारा बघून धडकी भरते खरी पण सूर पाचच हो, सा रे ग प ध, आपला भूपच की, चार सप्तकांत पसरलेला, त्यामुळे नुसता हात फिरवला तरी कानाला बरं वाटतं. म किंवा नी हवा असेल तर डाव्या हाताने ग नाहीतर ध ची तार दाबायची, मींड घेतो तसं. नोटेशनचं टेन्शन नको, ज्यानपू म्हणजे चिनी आकड्यांची स्वरलिपी, त्यात 1 ते 7 आकडे, 1 म्हणजे सा, वर टिंब तार सप्तक, खाली टिंब मंद्र, अगदी भातखंडे पद्धतीसारखं. तारा छेडायच्या नख्या बोटांना टेपने लावतात, ती टेप फार आवळू नका, बोटं ठणकतात. आणि मँडरिनमधले आकडे तेवढे पाठ करून जा, ई, अर, सान, माझ्या क्लासमधल्या आज्या त्यातच सूर सांगतात.